काचेच्या कारखान्याबाहेरचं शहर

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या गावाचं नाव दोनदा आलं. पहिल्यांदा ४ तारखेला. डेटनच्या ओरेगॉन डिस्ट्रिक्टमध्ये गोळीबार झाला, नऊ माणसं गेली, आणि चिंचवडहून धडाधड मेसेज आले : ‘सेफ आहेस ना?’ दुसऱ्यांदा बरोबर सतरा दिवसांनी. एका मित्राने नेटफ्लिक्सचं पोस्टर टाकून खाली लिहिलं, ‘अगं, तुझं डेटन पिक्चरमध्ये आलंय की!’

तोपर्यंत मला इथे येऊन एक वर्ष झालं होतं. त्या वर्षभरात मी कुठे राहते हे घरच्यांना सोडून कुणालाही धड सांगता आलं नव्हतं. ओहायो म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. ‘म्हणजे शिकागोच्या जवळ का?’ असं विचारतात. मी हो म्हणते आणि मधलं पाच तासांचं अंतर गिळून टाकते.

दोन दिवसांत ग्रुपवरच्या पाच-सहा जणांनी ‘अमेरिकन फॅक्टरी’ बघून टाकला आणि निकालही लावला. ‘अमेरिकन लोक कसले आळशी आहेत यार.’ ‘चिन्यांकडून शिकायला पाहिजे.’ ‘युनियन आली की कंपनी गेली, आपल्याकडे पण हेच झालं.’ हे लिहिणाऱ्यांपैकी तिघांचे वडील माझ्या बाबांसारखेच पिंपरी, भोसरी, चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलेले. त्यांची पोरं आता हिंजवडीत बसून ‘युनियन आली की कंपनी गेली’ म्हणत होती.

मी तेव्हा काहीच लिहिलं नाही, कारण मी पिक्चर बघितलाच नव्हता. त्यानंतर चार वेळा बघितला. हा लेख म्हणजे त्या मेसेजना उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा. पिक्चर चांगला आहे, हे आधीच सांगते. पण आपण तो ज्या पद्धतीने बघतो त्यात गडबड आहे, आणि त्या गडबडीला थोडा हात पिक्चरनेही लावला आहे.

* * *

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेटनच्या दक्षिणेला लागून मोरेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे जनरल मोटर्सचा गाड्या बनवणारा मोठा कारखाना होता. २३ डिसेंबर २००८ला, नाताळच्या दोन दिवस आधी, तिथून शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. पाच-सहा वर्षं ती अवाढव्य शेड रिकामी होती. २०१४मध्ये फुयाओ या चिनी कंपनीने ती घेतली. फुयाओ गाड्यांच्या काचा बनवते. कंपनीचे अध्यक्ष त्साओ दवांग यांनी चीनमधून तंत्रज्ञ आणले, स्थानिक दोन हजारांच्या आसपास माणसं घेतली आणि काम सुरू केलं.

ज्युलिया रायकर्ट आणि स्टीव्हन बॉग्नर या जोडप्याला आतमध्ये कॅमेरा घेऊन फिरायची मुभा मिळाली. आधी दोन्हीकडे उत्साह असतो. मग अपघात, काचा फुटणं, तोटा, चिडचिड. मग काही कामगार युनियन आणायचं ठरवतात. कंपनी ती येऊ नये म्हणून सल्लागारांवर दहा लाख डॉलरहून जास्त खर्च करते. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये मतदान होतं : युनियनच्या बाजूने ४४४, विरोधात ८६८. शेवटी त्साओ शेडमध्ये फिरताना दिसतात आणि अधिकारी त्यांना दाखवतात की इथे यंत्राचा हात बसवला की इतकी माणसं कमी होतील. २०२०मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. बराक आणि मिशेल ओबामांच्या निर्मितीसंस्थेचा हा पहिलाच चित्रपट, त्यामुळे त्याचा गाजावाजाही झाला.

चित्रपटाचं मोठेपण असं की त्यात खलनायक नाही. भट्टीवर काम करणारा एक चिनी तंत्रज्ञ बायकोमुलांपासून दोन वर्षं लांब राहतोय, त्यासाठी त्याला जास्तीचे पैसेही मिळत नाहीत. त्याच्याबद्दल वाईट वाटतं. त्याला थँक्सगिव्हिंगला घरी बोलावून बंदूक चालवायला देणारा अमेरिकन सहकारी आवडतो. आणि मालक त्साओसुद्धा एका ठिकाणी चकित करतात. लहानपणी ऐकलेले बेडकांचे, किड्यांचे आवाज आठवून ते म्हणतात की आपण इतके कारखाने उभे केले, हे चांगलं केलं की पाप, कळत नाही. अब्जाधीश माणूस कॅमेऱ्यासमोर हे बोलतो, यातच दिग्दर्शकांनी कमावलेला विश्वास दिसतो.

मग गडबड कुठे आहे?

* * *

गडबड ‘संस्कृती’ या शब्दात आहे. चित्रपटाचा बराचसा विनोद चिनी लोक असे आणि अमेरिकन लोक तसे, यावर उभा आहे. चिनी कर्मचाऱ्यांना अमेरिकन माणूस समजावून सांगणारा वर्ग भरतो. गाढवाला कुरवाळायचं तर केस वळतात त्या दिशेने कुरवाळावं, असा सल्ला एक अधिकारी आपल्या माणसांना देतो. अमेरिकन सुपरवायझर चीनमधल्या मूळ कारखान्याच्या भेटीला जातात, तिथे लष्करी शिस्तीतली हजेरी बघतात, कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात कंपनीची गाणी ऐकतात, स्टेजवर लागणारी लग्नं बघतात. हे प्रसंग मजेदार आहेत, आपण हसतो. आणि हसता हसता आपल्या डोक्यात पक्कं होतं की इथला झगडा दोन स्वभावांचा आहे. एकाला कामाची सवय, दुसऱ्याला आरामाची.

आता याच चित्रपटातले दोन आकडे बघा. एक बाई सांगते की जनरल मोटर्समध्ये तिला ताशी २९ डॉलरहून थोडे जास्त मिळायचे. फुयाओमध्ये १२.८४ मिळतात. बाई तीच आणि शेडही तीच.

आठवड्याला चाळीस तास धरून वर्षाचा हिशेब करा. आधी साठ हजार डॉलरच्या वर, आता सत्तावीस हजारांच्या आत. आणि मधल्या वर्षांत दूध, पेट्रोल, भाडं काही स्वस्त झालेलं नाही. ज्या माणसाचा पगार निम्म्याहून खाली आलाय तो ओव्हरटाइमला नाक मुरडतो, तेव्हा त्याला आळशी म्हणायचं का? आपल्याकडे अशा माणसाला आपण काय म्हणतो? ‘एवढ्या पैशात एवढंच होणार’ हे वाक्य पुण्यात कुठल्याही ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. ते बोलताना आपल्याला आपली संस्कृती आठवत नाही, पगाराची स्लिप आठवते.

आणि दुसऱ्या बाजूचे ‘मेहनती’ चिनी? चीनमधल्या कारखान्यात कामगार फुटलेल्या काचांचा ढीग साध्या हातमोज्यांनी निवडताना दिसतात. भेटीला आलेला अमेरिकन ते बघून हादरतो. तिथल्या लोकांना महिन्यातून एक-दोन सुट्ट्या मिळतात. याला मेहनतीची आवड म्हणणं म्हणजे गिरणीतल्या बदली कामगाराला कामाची हौस होती म्हणण्यासारखं आहे. घरी पोरं सोडून आलेला माणूस बारा तास काम करतो, कारण त्याच्यापुढे वेगळं काही ठेवलेलंच नसतं.

चित्रपटाने हे लपवलेलं नाही. पगाराचे आकडे त्यात आहेत, काचांचा ढीगही आहे. पण आकडा एका वाक्यात येऊन जातो आणि गाढवाचा विनोद लक्षात राहतो. माझ्या शाळेच्या ग्रुपवर जे घडलं ते त्यामुळेच घडलं. पिक्चरने हिशेब पुढ्यात ठेवला होता, पण तो करायला भाग पाडलं नाही.

* * *

मी शिक्षण संपवून इथल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. यंत्रांचे सुटे भाग बनतात, मी क्वालिटीला आहे. तिथे पॅकिंगला साठीतल्या एक बाई आहेत. त्यांनी जनरल मोटर्सच्या त्या कारखान्यात बरीच वर्षं काढली होती. मी मोठ्या उत्साहाने त्यांना विचारलं, ‘अमेरिकन फॅक्टरी’ बघितला का? त्या म्हणाल्या, नाही आणि बघणारही नाही. तो त्यांचा पिक्चर आहे. आमचा पिक्चर आधीचा.

हा ‘आधीचा’ कुठला, ते मला माहीत नव्हतं. त्याच दिग्दर्शकांनी २००९मध्ये ‘द लास्ट ट्रक’ नावाचा चाळीस मिनिटांचा माहितीपट केला होता. मोरेनचा कारखाना बंद होतानाच्या शेवटच्या महिन्यांवर. रायकर्ट आणि बॉग्नर डेटनपासून अर्ध्या तासावर राहत, त्यामुळे ते बाहेरून उडत आलेले लोक नव्हते. तेव्हा कंपनीने त्यांना आत कॅमेरा नेऊ दिला नाही. मग काही कामगारांनीच छोटे कॅमेरे आत नेले आणि आपापली जागा, आपापलं यंत्र, आपापली माणसं टिपून आणली.

या दोन चित्रपटांतला फरक मला त्या कॅमेऱ्यांमुळे कळला. ‘अमेरिकन फॅक्टरी’ची छायाचित्रं देखणी आहेत. वितळणारी काच, वाकणारी काच, निळसर प्रकाश. मालकाने दार उघडून दिल्यामुळे ती मिळाली. ‘द लास्ट ट्रक’मधली आतली दृश्यं हलतात, अंधारी आहेत, कधी नुसतीच जमीन दिसते. पण ती घेणाऱ्याला नेमकं काय घ्यायचंय हे ठाऊक होतं. वीस वर्षं ज्या यंत्रासमोर उभे राहिलो, ते. जेवणाचं टेबल. माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत आणि लाइन अजून चालू आहे. त्यात कुणी संस्कृतीबद्दल बोलत नाही. ते हप्त्यांबद्दल बोलतात, पोरांच्या कॉलेजबद्दल, पन्नाशीत आता काय शिकायचं याबद्दल.

दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघावेत, आणि ‘द लास्ट ट्रक’ आधी बघावा. म्हणजे दुसऱ्या चित्रपटात गेटवर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे वेगळे दिसतात. नुसता ‘अमेरिकन फॅक्टरी’ बघितला की गोष्ट चिनी लोक येतात तिथून सुरू होते. खरं तर तोवर अर्धी गोष्ट होऊन गेलेली असते.

* * *

या दोन चित्रपटांच्या मध्ये पाच-सहा वर्षं आहेत. या वर्षांवर कुणी पिक्चर काढला नाही. मी ज्या शहरात राहते ते शहर नेमकं त्या वर्षांनी घडवलंय.

डेटन हे एके काळी जिथे तिथे काहीतरी शोध लावत बसलेल्या माणसांचं गाव होतं. राइट बंधूंचं सायकलचं दुकान इथलं. त्यांचं १९०५चं विमान आजही इथल्या कॅरिलन पार्कमध्ये बघायला मिळतं. गाडीचा सेल्फ स्टार्टर चार्ल्स केटरिंगने इथे बनवला. कॅश रजिस्टर इथलंच. जेम्स रिटी नावाच्या दारूच्या दुकानदाराला गल्ल्यावरच्या नोकरांवर विश्वास नव्हता, म्हणून त्याने १८७९मध्ये ते यंत्र काढलं. त्यातून पुढे एनसीआर ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. मोरेनच्या त्याच जागेवर मोटारींच्या आधी फ्रिजिडेअरचे फ्रिज बनायचे. १९६०मध्ये शहराची लोकसंख्या दोन लाख बासष्ट हजार होती. २०२०च्या जनगणनेत ती एक लाख सदतीस हजारांवर आली. २००८च्या ऑगस्टमध्ये फोर्ब्जने अमेरिकेतल्या सगळ्यात वेगाने मरणाऱ्या शहरांच्या यादीत डेटनला बसवलं. त्यानंतर चार महिन्यांत मोरेन बंद झालं आणि पुढच्या जूनमध्ये एनसीआरने आपलं मुख्यालय जॉर्जियाला हलवत असल्याचं जाहीर केलं. सव्वाशे वर्षांचं नातं होतं.

मोरेनच्या कामगारांवर आणखी एक गोष्ट गुदरली. त्यांची युनियन मोटार कामगारांच्या यूएडब्ल्यूपेक्षा वेगळी होती. त्यामुळे जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत बदलून जाण्याचा जो रस्ता बाकीच्यांना होता तो त्यांना जवळपास बंद होता. ‘अमेरिकन फॅक्टरी’ बघताना वाटतं, ही माणसं दुसरीकडे का नाही गेली? काहींना जाताच आलं नाही, काहींचं घर विकलं जात नव्हतं. ज्या शहरातून सगळेच बाहेर पडताहेत तिथे घर घेणार कोण?

या वर्षांच्या खुणा अजून आहेत. मी आले तेव्हा विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस बघून चकित झाले होते. अमेरिकेत मोजक्याच शहरांत ती उरलीय. त्या बसने नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्यांवर फळ्या ठोकलेली घरं लागतात. मधेच एखाद्या घराच्या ओसरीवर फुलांच्या कुंड्या आणि आराम खुर्ची. म्हणजे तिथे कुणीतरी राहतंय, शेजारची चार घरं रिकामी असताना. पश्चिमेला मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती. तिथली किराणा दुकानं एकेक करून गेली. ताजी भाजी घ्यायला दोन बस बदलून जावं लागे. शेवटी लोकांनी वर्गणी काढून, सभासद गोळा करून स्वतःच्या मालकीचं सहकारी दुकान उभं केलं, जेम सिटी मार्केट. ते २०२१मध्ये सेलम अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झालं. सहकारी संस्था म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सभासदांच्या सभेची नोटीस दारावर लावलेली होती आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

इथे मला स्वतःकडेही बोट दाखवायला हवं. डेटन परिसरातले भारतीय बहुतेक बीव्हरक्रीक, सेंटरव्हिल अशा उपनगरांत राहतात. मंदिर बीव्हरक्रीकमध्ये, भारतीय किराणाही उपनगरांतच. डॉक्टर, इंजिनिअर, हवाई दलाच्या तळाशी संबंधित कामं करणारे. गणपतीला सगळे भेटतात. ‘डाउनटाउनला जाऊ नकोस, तिथे काही नाही’ हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. सांगणारी माणसं प्रेमळ होती, माझ्यासाठी डबा देणारी होती. पण एक लाख सदतीस हजार लोक राहतात त्या जागेला आम्ही ‘काही नाही’ म्हणतो. फोर्ब्जच्या यादीत आणि आमच्या बोलण्यात फार फरक नाही.

* * *

‘अमेरिकन फॅक्टरी’ बघताना मला सतत जयंत पवारांचं ‘अधांतर’ आठवत होतं. गिरण्यांच्या संपानंतरच्या गिरणगावातलं हे नाटक. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ त्याच्यावरच बेतलेला आहे, त्यामुळे नाटक न बघितलेल्यांनाही गोष्ट माहीत असेल. ‘अधांतर’मध्ये रंगमंचावर गिरणी येत नाही. चाळीतली एक खोली, आई आणि तिची मुलं. गिरणी बंद झाली म्हणजे काय झालं, ते त्या खोलीत कळतं. कोण कुणाशी कसं बोलतं, कोण घरी उशिरा येतं, कोणाच्या हातात पैसे आहेत आणि ते कुठून आले, यातून.

‘अमेरिकन फॅक्टरी’ याच्या बरोबर उलट आहे. कारखाना कोपऱ्याकोपऱ्यातून दिसतो, घर मात्र ओझरतं. घर गमावून बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहणारी एक बाई दिसते, आणि तिचा तो प्रसंग चित्रपटातल्या सगळ्यात खऱ्या प्रसंगांपैकी एक आहे. पण कॅमेरा तिथे थांबत नाही. त्याला पुन्हा शेडमध्ये जायचं असतं, कारण परवानगी शेडची आहे. मला या चित्रपटाची मर्यादा इथे वाटते. सगळ्यांना समजून घेणारा चित्रपट आहे, पण कारखान्यात जे जे आहेत त्यांनाच. बाहेरचे, म्हणजे अर्ज नाकारले गेलेले, गाव सोडून गेलेले, व्यसनात गेलेले, पॅकिंगला लागलेले, त्यांची बाजू ऐकायला कुणी नाही. दोन देशांतला समतोल सांभाळता सांभाळता शहर हातातून सुटलं.

शेवटी जे यंत्रांचे हात येतात तेही मला खटकतात. त्याच्या जोडीला पडद्यावर २०३०पर्यंत जगभरात किती कोटी लोकांना नवं काम शोधावं लागेल, याचा आकडा येतो. प्रेक्षक सुस्कारा सोडतो, काय करणार, काळच तसा आहे. पण मोरेन काळाने बंद केलं नव्हतं. आपल्या भाषेत एक सोय आहे. ‘कारखाना बंद पडला’ असं आपण सहज म्हणतो, जसं घड्याळ बंद पडतं. ‘बंद केला’ म्हटलं की कुणी, हा प्रश्न येतो. मग एखादी बैठक असते, तारीख असते, सही असते. १२.८४ हा आकडाही असाच कुठल्यातरी खोलीत ठरला. हा चित्रपट मतदानापर्यंत ‘केला’ म्हणतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत ‘पडला’ म्हणतो.

* * *

आता ग्रुपवरच्या मित्रांसाठी. तुम्ही हा पिक्चर डेटनचा म्हणून बघितलात. पण जनरल मोटर्सने मोरेन बंद केलं त्याच वर्षी, सप्टेंबर २००८मध्ये, तळेगावला नवा कारखाना सुरू केला होता. आपण दहावी-बारावीत असताना जुन्या हायवेने लोणावळ्याला जाताना तो दाखवून मोठी माणसं म्हणायची, बघ, अमेरिकेची कंपनी आली. तिथलं उत्पादन डिसेंबर २०२०मध्ये थांबलं. तेही नाताळच्या तोंडावरच. कामगारांनी आंदोलनं केली, कोर्टकज्जे झाले.

आणि जानेवारी २०२०मध्ये तो कारखाना घ्यायचा करार कुणी केला होता? ग्रेट वॉल मोटर या चिनी कंपनीने. म्हणजे मोरेनची गोष्ट अख्खीच्या अख्खी तळेगावला होणार होती. मग सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीचे नियम कडक झाले, गलवान झालं, आणि तो करार २०२२मध्ये बारगळला. २०२३मध्ये ह्युंदाईने करार केला. जनरल मोटर्सचा गुजरातमधला हालोलचा कारखाना तर आधीच चीनच्या एसएआयसीकडे गेला होता, आज एमजीच्या गाड्या तिथे बनतात.

तर चिनी मेहनती, अमेरिकन आळशी, मग तळेगावचे कोण? तिथे कुणी आळशी होतं म्हणून कारखाना बंद झाला, असं म्हणायला आपली जीभ वळेल का? आपल्याच काकांबद्दल, शेजाऱ्यांबद्दल? डेटनबद्दल ती पटकन वळली, कारण इथले काका-शेजारी आपल्याला माहीत नाहीत.

* * *

गेल्या डिसेंबरमध्ये मी चिंचवडला गेले तेव्हा बाबांबरोबर हा पिक्चर बघितला. बाबा टर्नर होते. ज्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली, तिथे व्हीआरएसची नोटीस लागली तेव्हा मी तिसरीत होते. मला एवढंच आठवतं की ते अचानक दुपारी घरी असायला लागले आणि आई आम्हाला जोरात बोलू द्यायची नाही.

मी पॉज करत करत संवाद मराठीत सांगत होते. बाबा फारसं ऐकत नव्हते, ते हात बघत होते. काच उचलताना माणसाचं मनगट कसं वळतं, हातमोजा कुठे फाटलाय. ‘त्याला ते वजन झेपत नाहीये. पाठ जाणार त्याची.’ गाढवाच्या विनोदाला ते हसले नाहीत. मी त्यांना समजावून सांगितला, तर म्हणाले, ‘आमचा मॅनेजर पण असंच म्हणायचा. शब्द वेगळे होते.’

मतदानाचा निकाल लागला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आठशे अडुसष्ट लोकांनी नको म्हटलं? का?’

मी म्हटलं, ‘बाबा, भीती असेल. कंपनीने मतदानाच्या आधी पगार पण वाढवला होता. सहा वर्षं घरी बसल्यावर माणूस काय करणार?’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी पण सही केलीच ना. सगळ्यात आधी केली. आपल्या लाइनमधला पहिला मीच.’

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत होतं की नाही, कोण जाणे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने काहीच विचारलं नाही.

‘अमेरिकन फॅक्टरी’ने मला काय दिलं, तर बाबांचं हे वाक्य दिलं. चित्रपटाचा मी कितीही हिशेब मांडला तरी ही बाजू त्याच्या खात्यात जमा करावी लागेल. त्याच्याकडून राहून गेलेलं घर आमच्या घरात येऊन बसलं. तुमच्यापैकी ज्यांचे वडील कुठल्याही शॉपफ्लोअरवर होते, त्यांनी हा पिक्चर एकट्याने मोबाइलवर बघू नये. घरच्या टीव्हीवर लावावा, आणि अधूनमधून पॉज करावा.

डेटनला परत आल्यावर मी पॅकिंगच्या बाईंना बाबांबद्दल सांगितलं. त्यांनी टेप लावता लावता विचारलं, तुझे वडील किती वर्षं होते तिथे? बावीस, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मीही तेवढीच.